उस्मान नावाचा डबा

नातेवाइकांत मी 'कॉम्प्युटरवाला' म्हणून ओळखला जातो. त्याचा फायदा एवढाच, की कुणाच्या मोबाइलमधले फोटो दिसेनासे झाले की मला जेवणावरून उठवून नेतात. मी मोबाइल दुरुस्त करत नाही, कधी केलेला नाही, हे सांगून सांगून थकलो. एकदा माझ्या मेहुण्यानं भर मांडवात विचारलं, "मग दाजी, इतकी वर्षं दवाखान्यात तुम्ही करत काय होता?" मी म्हटलं, नकाशे काढत होतो. त्याला वाटलं मी जमीन मोजणीच्या खात्यात होतो.

मग त्याला त्या मांडवातच समजावून सांगितलं. म्हटलं, हे लग्न बघ. पाहुणे कुठं कुठं उतरवलेत? नवरदेवाचे मामा गल्लीतल्या माडीवर, आचारी शाळेच्या खोलीत, बँडवाले बाजार समितीच्या शेडमध्ये. कोण कुठं उतरलंय, कुणाचा निरोप कुणाकडं जातो, कुठल्या घराची पाण्याची टाकी लहान आहे, हे ज्याच्या वहीत असतं तो लग्न निभावून नेतो. आमच्याकडं पाहुणे म्हणजे सॉफ्टवेअर. केसपेपर काढणारं एक, तपासणीचे रिपोर्ट ठेवणारं दुसरं, औषधांचं तिसरं. ती ज्या घरात उतरतात ते सर्व्हर, त्याला आम्ही डबा म्हणायचो. कुठलं सॉफ्टवेअर कुठल्या डब्यात राहतं, तो डबा कुठल्या गावात, कुठल्या खोलीत आहे आणि कोण कुणाला निरोप धाडतं, हे चौकोन आणि बाण काढून मांडायचं. हीच माझी नोकरी. मेहुणा म्हणाला, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच."

रुग्णालय एका ट्रस्टचं होतं. मोठी इमारत जिल्ह्याच्या गावी, शाखा तुळजापूरला आणि नळदुर्गला, एक छोटा दवाखाना माकणीला. मी लागलो तेव्हा कॉम्प्युटर विभाग म्हणजे जिन्याखालची खोली आणि त्यात बसलेले अप्पा. अप्पा माकणीचे. घरात अर्धी कानडी, बाहेर मराठी, आणि इंग्रजी शिकले होते ते बहुतेक एसटीच्या पाट्या वाचून. गळ्यात लिंग, खिशात पेन्सिल. मला हे काम त्यांनी शिकवलं. त्यांचा एकच नियम होता. "उस्मान, नकाशा हाय तसा काढायचा. असावा तसा काढायचा आसंल तर चित्रकलेचा मास्तर हो."

पहिला डबा आला तो दिवस मला लख्ख आठवतो. खोक्यातून काढून टेबलावर ठेवला, वायरी जोडल्या. त्याच्यापाशी मी चार दिवस चिकटून बसलो होतो, जेवणाचा डबासुद्धा त्याच टेबलावर उघडत होतो. शेवटी पडद्यावर प्रश्न आला, या यंत्राचं नाव काय? मी म्हटलं, अप्पा, काय टाकू? अप्पांनी मला बाजूला सारलं आणि एका बोटानं टाइप केलं. ओ, एस, एम, ए, एन.

"हे काय हो?"

"तुझं नाव. तूच त्याला सोडंना झालायस. आता त्यो डबा म्हंजी तूच."

मी इंग्रजीत माझं नाव यू अक्षरानं लिहितो. शाळेच्या दाखल्यावरही तसंच आहे. पण अप्पांनी ते अक्षर रोज पाहिलं होतं ते एसटीच्या पाटीवर, जिल्ह्याच्या गावाच्या नावात. तेही 'उस्मान'नंच सुरू व्हायचं, आणि तिथं ओ होता. मी सांगितलं, स्पेलिंग चुकलं. ते म्हणाले, "डब्याला कुठं दाखला काढायचाय?" राहिलं ते तसंच. खरं सांगायचं तर मला फार आनंद झाला होता. घरी जाऊन बायकोला सांगितलं, तर नसीम म्हणाली, "लोकांच्या नावानं रस्ते होतात, तुमच्या नावानं डबा झाला."

पुढं शाखांमध्ये डबे गेले. तुळजापूरच्या डब्याचं नाव अप्पांनी 'तुळजा' ठेवलं, माकणीच्याचं 'माकणी'. त्यामुळं नवा येणारा प्रत्येक जण समजायचा की 'ओस्मान' म्हणजे गावाच्या नावाचा पहिला तुकडा. मीही कधी दुरुस्त केलं नाही. माझ्या नावाचा आहे असं सांगत फिरायला मी काही देणगीदार नव्हतो.

आता नळदुर्गचं सांगतो. तिथल्या प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचं एक जुनं यंत्र होतं. त्याचे रिपोर्ट आधी तुळजापूरला जायचे आणि तिथून आमच्याकडं. एकदा तुळजापूरचा डबा बसला, आणि अप्पांनी जाऊन नळदुर्गचं यंत्र सरळ 'ओस्मान'ला जोडून दिलं. "तात्पुरतं हाय," म्हणाले. मी नकाशात पेन्सिलीनं एक बाण काढला. तुळजापूरचा डबा दुरुस्त झाला, पण नळदुर्गचं यंत्र परत फिरवायला कुणी गेलं नाही. सरळ जोडलेलं चाललं होतं, कशाला हात लावा? तात्पुरतं या शब्दाइतका टिकाऊ शब्द आमच्या धंद्यात दुसरा नाही.

अप्पा निवृत्त झाले, माकणीला शेतावर गेले. त्यांचा मुलगा महेश ट्रस्टच्याच औषध विभागात लागला. जिन्याखालच्या खोलीत मी एकटा राहिलो. मग एक वर्ष दर्जाचं प्रमाणपत्र मिळवायची टूम निघाली. तपासणीला पाहुणे येणार, त्यांना नकाशा दाखवायचा. सचिवसाहेबांनी माझा कागद पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "मुजावर, हे काय जाळं केलंय? जरा नीट, स्वच्छ करा." मी नीट केलं. रंगीत चौकोन, सरळ बाण. नळदुर्गचा बाण नियमाप्रमाणं तुळजापूरवरून फिरवला, कारण तो तसाच असायला हवा होता. पेन्सिलीचा बाण खोडरबरानं पुसला. नकाशा फ्रेम करून भिंतीवर लावला, प्रमाणपत्र मिळालं, पेढे वाटले. त्यातला एक पेढा मीही खाल्ला. पुढं जे झालं त्यात माझा जो गुन्हा आहे तो हा, आणि तो मी आधीच कबूल करून ठेवतो.

काही वर्षांनी गावाचं नाव बदललं. पाटीवर काय लिहावं हा माझा विषय कधीच नव्हता. मी नव्या नावानं पत्रं लिहायला लागलो, तिकीट मागायला लागलो, जिभेला थोडे दिवस लागतात एवढंच. ट्रस्टनं आदेश काढला. सगळे फलक, शिक्के, लेटरहेड, केसपेपर, सगळीकडं नवं नाव. ते दोन दिवसांत झालं. मग सचिवसाहेबांची नजर माझ्या फ्रेमवर गेली. मधोमध मोठा चौकोन, त्यात 'ओस्मान'.

"हे राहिलं की."

मी म्हटलं, "साहेब, कागदावरचं आत्ता बदलतो. पण यंत्राचं नाव बदलायला पंधरा दिवस द्या. बाकीची यंत्रं त्याला त्या नावानं हाक मारतात. कोण कोण मारतं ते एकदा फिरून बघायला लागंल."

"नकाशात आहे की सगळं."

"नकाशात आहे, पण तरी..."

साहेब हसून म्हणाले, "सगळ्या खात्यांनी नाव बदललं. तुम्हालाच का अडचण येतेय, मुजावर?"

खोलीत आणखी तीन माणसं होती. एकानं चष्मा पुसायला घेतला. 'तुम्हाला' म्हटलं असतं तर तो कामाचा प्रश्न होता. ते 'च' लागलं आणि माझी सगळी नोकरी, सगळे बाण, सगळे चौकोन बाजूला झाले. राहिलं ते माझं आडनाव.

मला काय बोलता आलं असतं? साहेब, ते गावाचं नाव नाहीच, ते माझं नाव आहे? हसू झालं असतं, किंवा त्याहून वाईट. आणि एक गोष्ट आजही सलते. या अडचणीवर साधा उपाय होता. डब्याला नवं नाव द्यायचं आणि सेटिंगमध्ये एक ओळ लिहायची, की जो कुणी जुन्या नावानं हाक मारील त्यालाही इकडंच पाठवा. ज्याच्या त्याच्या सवडीनं बदललं असतं, कुणाचं काही अडलं नसतं. हे मी सुचवणारच होतो. पण 'तुम्हालाच' ऐकल्यावर 'जुनं नावही राहू द्या' हे वाक्य माझ्या तोंडून निघेना. मी भ्यालो. म्हटलं, "ठीक आहे साहेब. करून घ्या."

सोलापूरच्या कंपनीचा माणूस बोलावला. त्यानं भिंतीवरची फ्रेम बघितली, त्यातले बाण मोजले आणि रविवारी एकेक करत सगळीकडं नवं नाव भरलं. तुळजापूर चाललं, माकणी चाललं, औषधं चालली, केसपेपर चालला. सोमवारी सकाळी साहेब खोलीत डोकावले. "बघा. पंधरा दिवस मागत होतात. काय झालं? काही झालं का?" मी म्हटलं, "नाही साहेब."

नळदुर्गचा सरळ बाण नकाशात नव्हता, म्हणून नळदुर्गचं यंत्र कुणी बदललं नव्हतं. आणि मला, ज्यानं तो बाण पुसला होता, त्या मला तो आठवला नाही. इतक्या वर्षांत मीसुद्धा त्या भिंतीवरच्या चित्रावर विश्वास ठेवायला लागलो होतो.

त्या सोमवारी नळदुर्गच्या शाखेत शांताबाई नावाची एक बाई रक्त तपासायला आली होती. महामार्गावरच्या ढाब्यावर रोट्या भाजायची, मूत्रपिंडाचा जुना आजार. नळदुर्गला तपासणी व्हायची आणि मोठे डॉक्टर आमच्या इथं बसून रिपोर्ट बघायचे. ज्यात धोका असेल त्या रुग्णाचं नाव पडद्यावर लाल व्हायचं. लाल नाव नाही म्हणजे सगळं ठीक, ही रोजची रीत. त्या दिवशी नळदुर्गचं एकही नाव लाल झालं नाही. डॉक्टरांनी फोन करून सांगितलं, सोडा सगळ्यांना. शांताबाई ढाब्यावर गेली आणि दुपारी तंदूरसमोरच कोसळली. एका ट्रकवाल्यानं तिला केबिनमध्ये घालून सोलापूरला नेलं, म्हणून वाचली. आठ दिवस अतिदक्षता विभागात होती.

दुसऱ्या दिवशी तिचा जावई आमच्या दारात येऊन ओरडत होता. "रगत घेतलं, मशिनीनं तपासलं, मंग कुणाला सांगितलं का न्हाय? मशीन मुकी हाय व्हय तुमची?"

मी एसटी धरून नळदुर्गला गेलो. प्रयोगशाळेत सुरेखाताई होत्या, रडून डोळे सुजलेले. म्हणाल्या, "उस्मानभाई, म्या पाठवलं होतं हो. हे बघा, हिरवी खूण हाय." खूण होती. ते जुनं यंत्र, पाकीट पेटीत टाकलं की पोचलं असं समजणारं. पत्ता सापडला नाही तर पाकीट तिथंच पडून राहतं, हे ते सांगत नसे. मी सेटिंग उघडलं. पाठवायचं कुणाला? ओ, एस, एम, ए, एन. दोन दिवस ते यंत्र मला हाका मारत होतं.

मला तिथंच पेन्सिलीचा बाण आठवला. खुर्चीत बसून राहिलो. सुरेखाताईंनी पाणी दिलं.

परत येऊन ती एक ओळ टाकली, जी आधीच टाकायला हवी होती. जुन्या नावानं हाक आली तरी इकडंच. पाच मिनिटांचं काम. टाकल्याबरोबर अडकलेले रिपोर्ट धडाधड येऊन पडले. सगळ्यात वर शांताबाई, लालभडक.

चौकशी बसली. मी सगळं सांगितलं. बाण मी पुसला, हेही सांगितलं. मग साहेबांनी विचारलं, "पण नाव बदलायला तुमचा विरोध का होता, ते सांगा." मी म्हटलं, विरोध नव्हता, मुदत मागितली होती. आणि मग, आता लपवून काय उपयोग, म्हणून ते नाव कुठून आलं हेही सांगितलं.

समितीतल्या एकानं माझी सेवापुस्तिका उघडली. "तुमचं नाव तर यू नं आहे."

"अप्पांनी ओ टाकला होता. त्यांना विचारा."

तिथूनच अप्पांना फोन लावला. मी लावला, मोठ्या आवाजावर ठेवला. म्हटलं, "अप्पा, पहिल्या डब्याला नाव कुणाचं दिलं होतं, या साहेबांना सांगता का?"

मग अप्पा म्हणाले, "कोण कोण बसलंय तिथं?" मी सांगितलं. सचिवसाहेबांचं नावही सांगितलं. मग ते म्हणाले, "लई वर्षं झाली की रं. मला काय आठवत न्हाय."

त्यांचा महेश खालच्या मजल्यावर औषधांच्या खिडकीत बसला होता. अजून कायम झाला नव्हता. मला त्या क्षणीच सगळं समजलं, आणि समजलं म्हणून राग कमी झाला असं मुळीच नाही.

अहवालात माझ्याविषयी एकच वाक्य आलं: "संबंधित कर्मचाऱ्याने नकाशा अपूर्ण ठेवला असून नामबदलाच्या कामी त्यांची अनास्था दिसून आली." खाली माझी सही हवी होती. वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा होता, दुसरा धडधडीत खोटा. दुसऱ्यावर भांडलो असतो तर लोक म्हणाले असते, बाई मरता मरता वाचली आणि याला नावाचं पडलंय. त्या 'असून'पाशी मला दोन्ही तुकडे वेगळे करता येईनात. मी सही केली. नसीमला दाखवलं, ती म्हणाली, "छोड दो अब." नाही सुटलं. निवृत्त होईपर्यंत मी त्या खोलीत काम केलं, सगळे आदरानं वागले, निरोपाला शाल दिली. त्या शालीतही मला ते वाक्य टोचत होतं.

शांताबाईला भेटायला मी एकदा ढाब्यावर गेलो. कोण ते सांगितलं नाही. दोन रोट्या खाल्ल्या आणि आलो.

माकणीला मात्र गेलो नाही. अप्पांनी महेशबरोबर दोनदा निरोप धाडला, पेरू पाठवले. पेरू शेजाऱ्यांना वाटून टाकले. गेल्या वर्षी अप्पा गेल्याचं कळलं तेव्हा गेलो. त्यांच्यात आमच्यासारखीच माती देतात. खड्ड्यात त्यांना बसवलेलं होतं, मांडी घालून, जिन्याखालच्या खोलीत बसायचे तसे. मीही मूठभर माती टाकली. महेश जवळ आला, माझा हात धरून रडला आणि म्हणाला, "काका, बाबा घरी सगळ्यांना सांगायचे. पहिल्या डब्याला माझ्या उस्मानचं नाव दिलं म्हणून. पोराबाळांना, पाहुण्यांना, सगळ्यांना. शेवटपर्यंत सांगत होते."

मी हात सोडवून घेतला. महेशची त्यात चूक नव्हती, पण मला तिथं उभं राहवेना.

आता मागच्या महिन्यातली गोष्ट. पुण्याच्या एका कंपनीतून एका बाईंचा फोन आला. ट्रस्टनं सगळे डबे काढून टाकायचं ठरवलंय, सॉफ्टवेअर दूरच्या कुठल्यातरी मोठ्या केंद्रात हलवणार. त्या नवा नकाशा काढत होत्या. बोलणं नम्र होतं.

"सर, तुमचा नंबर ऑफिसमधून मिळाला. सेटिंगमध्ये एक ओळ आहे, तिचा अर्थ लागत नाही. 'ओस्मान' म्हणून हाक आली तर इकडं पाठवा, अशी. पुढं 'तात्पुरतं' असं लिहिलंय. हे गावाचं जुनं नाव ना? काढून टाकलं तर चालेल?"

मी विचारलं, "त्या नावानं अजून कोण हाक मारतं का, बघितलंत?"

"हो, एक जागा दिसते. नळदुर्ग. पण मला दिलेल्या नकाशात तर तसा बाणच नाही."

"तो मी पुसला होता. आधी तो काढा. पेन्सिलीनं नको, शाईनं काढा. मग नळदुर्गला स्वतः जा, यंत्रावर नवं नाव घाला, एक रिपोर्ट पाठवून बघा, इथं पडद्यावर पोचला का बघा. आणि मग ती ओळ खुशाल काढून टाका."

त्यांनी लिहून घेतलं. मी फोन ठेवणार तेवढ्यात म्हणाल्या, "आणि सर, नोंदीत काय लिहू? गावाचं जुनं नाव, असंच ना?"

"नाही," मी म्हटलं. "ते माणसाचं नाव आहे."

"अच्छा? कोण होते?"

"तिथं कामाला होता एक जण. स्पेलिंग चुकलंय त्याचं."